इंटरकॅलेटर म्हणजे घुसखोर नव्हे

प्रश्न : डीएनएला चिकटणारी धातूंची कॉम्प्लेक्स (धातूभोवती इतर रेणू बांधून केलेली संयुगं) कशी घडवतात यावर लेख लिहितो आहे. सिसप्लॅटिनसारख्या इंटरकॅलेटरना मराठीत 'घुसखोर रेणू' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण त्याआधी सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाला त्या वाक्यातून बाहेर काढा. इंटरकॅलेट होणं म्हणजे डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांच्या, म्हणजे बेसजोड्यांच्या, मध्ये शिरून बसणं. 'सिसप्लॅटिन डीएनएमध्ये इंटरकॅलेट होतं' हे ऐकून कान किटले आहेत. त्यातलं प्लॅटिनम आपले क्लोराइड सोडतं, बहुतेकदा शेजारशेजारच्या दोन ग्वानिन बेसांच्या नायट्रोजनांशी थेट बंध जोडतं आणि डीएनएला बाक आणतं. बेसजोड्यांच्या मध्ये ते शिरतच नाही.

आता शब्दाकडे या, खरी गंमत तिथे आहे. लॅटिन 'कालारे' म्हणजे पुकारणे. रोमचे पुरोहित महिन्याच्या पहिल्या दिवशी पुढच्या तिथी पुकारत, तो दिवस 'कालेंदे'. कॅलेंडर त्यातूनच आलं. 'इंटरकालारे' म्हणजे मध्येच पुकारून घातलेला काळ : फेब्रुवारी तोडून तिथे बसवलेला जादा महिना. हे काम पुरोहितांनी इतकं रखडवलं, की इ.स.पू. 46 मध्ये सीझरला गाडी रुळावर आणायला 445 दिवसांचं वर्ष करावं लागलं. थोडक्यात, आपला अधिक मास. धोंड्याचा महिना!

(आपला 'कलकलाट'ही याच 'कालारे'च्या गोतावळ्यातला, असा माझा लाडका तर्क आहे. कोशवाले त्याला ध्वनीचं अनुकरण म्हणून मोकळे होतात. कोंबड्याला संस्कृतात 'उषाकल', म्हणजे पहाट पुकारणारा, का म्हणतात ते मग त्यांनी सांगावं.)

आणि ही उपमा रेणूला किती चपखल बसते पाहा! दोन बेसजोड्यांमधलं अंतर 0.34 नॅनोमीटर. सपाट रेणू मध्ये बसला की ते जवळपास दुप्पट होतं, पीळ थोडा उलगडतो आणि डीएनए लांबतो, तेराव्या महिन्याने वर्ष लांबतं तसा. शास्त्रज्ञ लेर्मन यांनी 1961 मध्ये अ‍ॅक्रिडीन रंगांबाबत हेच मांडलं. शिवाय लागोपाठच्या दोन फटी सहसा भरत नाहीत. अधिक मासही कधी पाठोपाठ येत नाहीत. घुसखोर असले नियम पाळतो का?

धातूच्या कॉम्प्लेक्समध्येही सहसा धातू आत जात नाही. तो बाहेर राहून सपाट लिगँड, म्हणजे त्याला बांधलेला रेणू, धरून ठेवतो, आणि त्याचा धन प्रभार डीएनएच्या ऋण फॉस्फेटांकडे ओढला जातो. म्हणून घडवताना सगळी मेहनत लिगँडवर. लिपर्ड यांच्या गटाने 1974 मध्ये प्लॅटिनमला टरपिरिडीन हा सपाट लिगँड जोडून खरा इंटरकॅलेटर केला. 1990 मध्ये बार्टन, सोव्हाज वगैरेंनी रुथेनियमला लांबट सपाट डीपीपीझेड लावलं : पाण्यात चमक जवळजवळ नाही, डीएनएत शिरल्यावर मात्र लखलखीत, कारण त्या लिगँडच्या आतल्या नायट्रोजनांपर्यंत पाणी पोचत नाही.

इंटरकॅलेशनसाठी 'अंतर्वेशन' सुचवणाऱ्या विद्वानांना नमस्कार. तो शब्द गणितवाल्यांनी इंटरपोलेशनसाठी (दोन माहीत आकड्यांमधला आकडा काढण्यासाठी) कधीच अडवला आहे, हे त्यांना ठाऊक नसावं. मला 'अधिवेशन' फार आवडलं असतं, पण ते नागपूरला गेलं. म्हणून माझा शब्द 'अधिकनिवेश', आणि तो करणारा रेणू 'अधिकनिवेशी'. परिभाषावाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत.