दुधाचा दात : कौलावर टाकावा की बँकेत ठेवावा?

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे, पुढचे दात हलू लागलेत. त्यांतल्या स्टेम सेल गोठवून ठेवल्या तर पुढे मधुमेह, थॅलेसेमिया, मणक्याची इजा अशा सगळ्यांवर उपयोग होईल, असं एका बँकेचा प्रतिनिधी सांगून गेला. पैसे भरावेत का? — एक आई, पुणे

उत्तर : भरू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्यावसायिक साठवणुकीची मुभा फक्त नाळेतल्या रक्ताला आहे. दातातला गर (आतला मऊ, जिवंत भाग), वार, मासिक पाळीचं रक्त यांपैकी कशालाच नाही. प्रतिनिधीकडे परवाना मागून पाहा, बोलणं तिथंच थांबेल.

त्याचं एक म्हणणं मात्र खरं आहे : दातात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० मध्ये अक्कलदाढेच्या गरातून त्या वेगळ्या काढल्या आणि २००३ मध्ये दुधाच्या दातातून. दुधाच्या एका पटाशीच्या दातात त्यांना अशा जेमतेम १२ ते २० पेशी मिळाल्या. प्रयोगशाळेत वाढवल्या की या पेशींपासून हाडासारखी, दंतिनासारखी (दंतिन म्हणजे दाताचा आतला कठीण थर), चरबीची ऊती तयार होते. रक्त मात्र तयार होत नाही. थॅलेसेमियाला रक्त बनवणाऱ्या मूलपेशी लागतात आणि त्या अस्थिमज्जेतून किंवा नाळेच्या रक्तातून येतात. त्यातही मुलाच्या स्वतःच्या पेशी जशाच्या तशा कामाच्या नाहीत, कारण जनुकातला दोष त्यांच्यातही असतोच. हा मुद्दा विक्रेते हमखास गाळतात. मधुमेह आणि मणका यांबाबत उंदरांवरचे प्रयोग पुष्कळ आहेत, पण दातातल्या पेशींचा मान्यताप्राप्त उपचार एकही नाही.

माणसावर सगळ्यात पुढे गेलेलं काम दातासाठीच झालंय, आणि ते चीनमधल्या शिआन इथलं. अपघातात पुढच्या दाताचा गर मेलेली ४० मुलं निवडली, त्यांतल्या ३० जणांच्या दातात त्यांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी वाढवून बसवल्या. २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले : वर्षभरानं दातात रक्तवाहिन्या असलेला गर दिसला, संवेदना परतली, मुळं लांबली. कोणी अशा चाचणीत बोलावलंच तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची मंजुरी पाहा. चाचणीसाठी तुमच्याकडे पैसे मागितले, तर उठून या.

प्रश्न : मुलगा साडेआठ वर्षांचा. सायकलवरून पडला, वरचा पुढचा दात काळवंडला, हिरडीवर पुवाची पुळी आली. डॉक्टर म्हणतात, नेहमीचं रूट कॅनाल नको, आत रक्त उतरवू. हा काय प्रकार? — एक वडील, नाशिक

उत्तर : डॉक्टर योग्य तेच सांगताहेत. मूलपेशींचा उपयोग आज खऱ्या अर्थानं दातांच्या दवाखान्यात होतो तो इथं, आणि त्यासाठी काही गोठवावं लागत नाही. या वयात पुढच्या दाताचं मूळ अपुरं असतं : टोक उघडं, भिंती पातळ. नुसतं भरलं तर भिंती पातळच राहतात आणि दात मानेपाशी, म्हणजे हिरडीलगत, मोडण्याची भीती असते. उघड्या टोकाला लागूनच मूलपेशींनी भरलेली मऊ ऊती असते. गर मेला, पू झाला, तरी ती बऱ्याचदा तग धरते. तिला कालव्यात, म्हणजे मुळातल्या पोकळ नळीत, बोलावायचं, इतकाच या उपचाराचा गाभा.

पहिल्या भेटीत कालवा घासून रुंद करत नाहीत, फक्त धुतात : १.५ टक्के सोडिअम हायपोक्लोराइट, २० मिली, सावकाश पाच मिनिटं, सुईचं टोक मुळाच्या टोकाच्या १ मिमी अलीकडे. रूट कॅनालमध्ये एरवी वापरतात ते पाच टक्क्यांचं द्रावण इथं घातक, कारण जंतूंबरोबर याच पेशी मरतात. मग कॅल्शिअम हायड्रॉक्साइड किंवा प्रतिजैविकांचा लेप भरून एक ते चार आठवडे बंद. लेपात मिनोसायक्लिन असेल तर दात राखाडी पडतो. पुढचा दात आहे, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

दुसऱ्या भेटीत भूल अॅड्रेनलिनविना हवी. अॅड्रेनलिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त उतरत नाही. या एका चुकीनं उपचार फसू शकतो. १७ टक्के ईडीटीए या द्रावणानं धुतल्यावर दंतिनात अडकलेले वाढीचे घटक मोकळे होतात. मग फाइल (सुईसारखं बारीक हत्यार) टोकाच्या २ मिमी पलीकडे नेऊन रक्त काढतात, गुठळी धरू देतात आणि वर सुमारे ३ मिमी एमटीए नावाचं दंतवैद्यकातलं सिमेंट बसवतात. गुठळी सैल असेल तर सिमेंट आत घसरतं, म्हणून मध्ये कोलॅजनचा तुकडा ठेवतात.

पुढे ६, १२ आणि २४ महिन्यांनी एक्स-रे. हाडातली काळी सावली साधारण सहा ते बारा महिन्यांत भरते, भिंती जाड व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आत तयार होतं ते बहुधा खरा गर नसून हाडासारखी किंवा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण आवरणासारखी) ऊती असते, पण दात टिकतो. पुळी परत आली, तर मात्र दुसरा मार्ग धरावा लागतो.

प्रश्न : नातवाचे पडलेले सगळे दात मी डबीत जपलेत. त्यांतून काही निघेल का? — एक आजी, कोल्हापूर

उत्तर : नाही. दात सुकला की पेशी मेल्या. आठवण म्हणून ठेवा. नातवाचा पक्का दात मार लागून अख्खा निघाला, तर मात्र धावपळ करा. मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं धरा, घासू नका, जमल्यास लगेच खाचेत परत बसवा. नाही जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या तासात डॉक्टर गाठा. मुळावरच्या जिवंत पेशींवरच तो परत रुजतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अक्कलदाढेतून पेशी वेगळ्या करतोय. दोनदा बुरशी आली, तिसऱ्यांदा काही चिकटलंच नाही. — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन बुरशीला काहीच करत नाही. दात आणतानाच्या माध्यमात (द्रावणात) अँफोटेरिसिन बी हे बुरशीनाशक घाला, दात काढण्याआधी रुग्णाला क्लोरहेक्सिडिननं चूळ भरायला सांगा, किडलेला दात घेऊच नका. दात ४ अंशांवर आणा आणि २४ तासांत कामाला घ्या.

पेशी न चिकटण्याचं कारण बहुधा उष्णता. बर (ड्रिलचं फिरतं टोक) गरापर्यंत नेलात तर तो तिथंच भाजतो. पाण्याच्या धारेखाली मानेभोवती नुसती खाच पाडा आणि छिन्नीनं दात फोडा. गर गुलाबी-लाल हवा, राखाडी निघाला तर टाकून द्या. तुकडे करून ३ मिग्रॅ/मिली कोलॅजनेज आणि ४ मिग्रॅ/मिली डिस्पेज या विकरांत ३७ अंशांवर एक तास, त्याहून जास्त नाही. ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून फ्लास्कमध्ये घाला आणि तीन दिवस त्याला हात लावू नका. रोज काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याच्या मोहानं निम्म्या पेशी सुटून जातात. पेशींच्या वसाहती साधारण आठवडा-दीड आठवड्यात दिसतात. गोठवताना १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू न देणारं रसायन), मिनिटाला एक अंश या वेगानं. डीएमएसओ घातल्यावर नळी टेबलावर ठेवून गप्पा मारू नका, खोलीच्या तापमानाला ते पेशींना विषारी ठरतं. आणि दात कचऱ्यात जाणारा असला, तरी रुग्णाची लेखी संमती लागते.