आजीच्या युद्धकाळातल्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, पण तिच्या तारखा चुकतात. मग त्याचा उपयोग काय?

उपयोग आहे. तारखांसाठी वर्तमानपत्रं आहेत, सरकारी दप्तरं आहेत. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की घरात आधी कोण उठायचं आणि धाकट्याला कोण उचलायचं, हे मात्र आजींशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

मी बरीच वर्षं अशा मुलाखती घेते, इतरांनी घेतलेल्या उतरवूनही काढते. सगळ्यांत जास्त कानावर पडलेलं वाक्य म्हणजे "आमचं काय सांगायचं, आम्ही थोडेच लढलो!" तुमच्या आजीही बहुधा हेच म्हणतील, कारण आपण "युद्धाबद्दल सांगा" असं विचारतो. तसं विचारलं की माणूस पुस्तकात वाचलेलं, टीव्हीवर पाहिलेलं सांगायला लागतो. एका बाईंनी असंच पाच मिनिटांत अख्खं युद्ध संपवलं होतं. मग मी विचारलं, ब्लॅकआउटच्या रात्री खिडक्या कोण झाकायचं? त्या म्हणाल्या, "मीच की. खुर्चीवर चढून माझाच हात वरपर्यंत पोचायचा." काळा कागद संपला तेव्हा वडिलांनी वह्यांचे पुठ्ठे फाडून त्यांना शाई फासली होती. ती बोटांवरून निघेना, आणि शाळेत कुणी विचारलं तर काही सांगायचं नाही अशी घरातून ताकीद. का, ते त्यांना आजही माहीत नाही. हे सांगताना त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरत होता, कागदाची कड काचेवर दाबावी तसा.

तेव्हा युद्ध बाजूला ठेवा आणि दिवस विचारा. झोपायची जागा बदलली होती का? रेशनच्या रांगेत कुणाला उभं करायचे? पत्र आलं तर मोठ्यानं कोण वाचायचं, आणि वाचताना काही गाळायचं का? युद्ध संपल्याचं कळलं तेव्हा हातात काय काम होतं? एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे: कागद-पेन्सिल देऊन त्या वेळच्या घराचा नकाशा काढायला सांगायचं. जिना काढला की जिन्याखालची जागा आठवते, तिथे कोण कोण बसायचं ते आठवतं. फक्त त्या "इथे" म्हणून बोट दाखवतील तेव्हा तुम्ही लगेच "म्हणजे जिन्याखाली ना?" असं म्हणा, कारण रेकॉर्डिंगमध्ये बोट दिसत नाही.

आता चुकांबद्दल. मौखिक इतिहासात, म्हणजे लोकांच्या आठवणी ऐकून नोंदवलेल्या इतिहासात, या विषयावर एक गाजलेलं उदाहरण आहे. ते युद्धातलं नाही, पण थेट तारखेबद्दलचंच आहे. इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत 1949 साली नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तर अनेकांनी तो मृत्यू 1953 मध्ये नेऊन ठेवला होता, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही, तिचं कारण शोधलं. आपला माणूस एका छोट्याशा झटापटीत फुकट गेला, ही गोष्ट गावाला पचत नव्हती. नोकऱ्या गेल्या त्या लढ्यात तो मेला असं म्हटलं की त्या मरणाला अर्थ यायचा. नुसती बरोबर तारीख मिळाली असती, तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरं उदाहरण: ऑशविट्झ या नाझी छळछावणीतल्या कैद्यांच्या ऑक्टोबर 1944 च्या उठावाबद्दल एका बाईंनी प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची चार धुराडी उडालेली सांगितली होती. इतिहासकारांच्या मते एकच उडालं होतं. म्हणून ते म्हणाले, साक्ष बेभरवशाची. त्यांची मुलाखत घेणारे मनोविश्लेषक डोरी लाउब म्हणाले, त्या धुराडी मोजतच नव्हत्या, जिथे असं काही घडणं अशक्य होतं तिथे ते घडलं हे त्या सांगत होत्या. मला हे पटतं, पण एका मर्यादेपर्यंत. आजींनी कुणाचं नाव घेऊन "त्यानं फितुरी केली" असं म्हटलं, तर ते पडताळल्याशिवाय कुठेही छापू नका. बाकी चुका बोलता बोलता दुरुस्त करू नका. सोबतच्या टिपणात वेगळं लिहा.

मजकूर लिहून काढलात तरी मूळ आवाज पुसू नका. 1946 च्या उन्हाळ्यात डेव्हिड बोडर हे शिकागोचे मानसशास्त्रज्ञ तारेवर आवाज उमटवणारं यंत्र घेऊन युरोपात फिरले आणि छळछावण्यांतून वाचलेल्या, बेघर झालेल्या सुमारे 130 लोकांशी बोलले. नुसतं लिहून घेतलं असतं तर मजकूर उरला असता, पण माणूस कुठे अडखळला, कुठे भाषा बदलली, कोणत्या प्रश्नावर चिडला, ते गेलं असतं.

यंत्राचं फार मनावर घेऊ नका. फोन चालतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या कापडावर ठेवा. जमल्यास वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) करा: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ धरलं तर तासाला साधारण 1 जीबी. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

संमती मात्र मनावर घ्या, घरचं माणूस असलं तरी. कोणी ऐकायचं, कधी ऐकायचं, ते सुरुवातीलाच रेकॉर्डिंगवर बोलून घ्या. आणि पाळणं आपल्या हातात नाही असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात 2001 ते 2006 दरम्यान उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांनी, आपण जिवंत असेपर्यंत हे बाहेर येणार नाही या भरवशावर मुलाखती दिल्या. 2011 मध्ये ब्रिटिश तपास यंत्रणांनी टेप मागितल्या, प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि त्यातल्या काही टेप द्याव्या लागल्या. तुमच्या आजींचं प्रकरण इतकं पेटणार नाही, पण एखाद्या नातलगाबद्दलचं बोलणं कौटुंबिक ग्रुपवर पोचायला कोर्टही लागत नाही.

त्या गप्प झाल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. रडू आलं तर थांबायचं का एवढंच विचारा, आणि सगळ्यांत वाईट आठवणीवर रेकॉर्डर बंद करून उठू नका, थोडं आजच्या गोष्टींवर या. पहिली बैठक तासाभरापेक्षा लांबवू नका. बोलणं झाल्यावर रात्री खूप काही आठवतं, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. म्हणून दुसरी बैठक आधीच ठरवून ठेवा आणि ती "परवानंतर काही आठवलं का?" या प्रश्नानं सुरू करा.