वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी मुंबईला तपासण्यांसाठी जायचंय, काय तयारी करू?

तुम्ही कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने निघणार, सकाळी उतरून थेट हॉस्पिटल गाठणार, आणि रिपोर्ट वाईट आले तर ऑपरेशन नाकारतील अशी धास्ती वाटते, असं लिहिलंय. माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून ते लहान करण्याचं, ऑपरेशन झालंय. मीही देवगडहून हीच धास्ती घेऊन गेले होते, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी मिश्रीचं. फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' असं विचारलं होतं, मी 'नाही' लिहिलं. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. आमच्या घरात आजीपासून सगळ्या बायका सकाळी मिश्री लावत आल्या, तिला तंबाखू कोणी म्हणतच नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र सरळ विचारलं, "दात कशाने घासता?" आणि ऑपरेशन ६ आठवडे पुढे गेलं. भाजलेली असली तरी ती तंबाखूच, आणि निकोटीनमुळे जखम भरायला वेळ लागतो, कापून शिवलेल्या जठराला तर ते फार घातक. त्या दिवशी मी रडले, पण आज त्या बाईंचे उपकार वाटतात. तुम्ही मिश्री, गुटखा, तपकीर यातलं काहीही घेत असाल तर आजच बंद करा आणि तिथे स्वतःहून सांगा.

गावच्या वैद्यांचा काढा, वजन उतरवायची पावडर, गुडघेदुखीच्या गोळ्या, सगळंच सांगा. नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून मी डबे आणि पाकिटं पिशवीत घालून नेली होती. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या ऑपरेशनच्या साधारण ३-४ दिवस आधी थांबवतात. साखर-वजनासाठीच्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने पोट रिकामं व्हायला उशीर होतो, त्यामुळे भूल देणाऱ्यांना ते ठाऊक असावंच लागतं. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

आता उपाशी राहण्याचं. रक्ताच्या काही तपासण्यांना १० ते १२ तास पोट रिकामं लागतं. म्हणजे घरूनच जेवून निघायचं, गाडीत फक्त साधं पाणी. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "पेजेची निवळ घेतलस तर काय होवचा नाय." होतं! निवळ, सोलकढी, पहाटेचा चहा, यातलं काहीही चालत नाही. पाणी मात्र भरपूर प्या, नाहीतर शीर सापडत नाही. एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर बघतात ती तपासणी) त्याच दिवशी असेल तर पाणी कधी थांबवायचं ते आधी फोन करून विचारा.

खरं सांगायचं तर, जमत असेल तर एक दिवस आधीच जा. पावसाळ्यात गाडी रखडते, आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना उपास लांबला तर साखर एकदम उतरू शकते. त्या सकाळचा डोस घ्यायचा की नाही, हेही आधीच विचारून ठेवा.

बाकी ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), छातीचा एक्स-रे, ह्यांत तुम्हाला काही करायचं नसतं. पोटाच्या सोनोग्राफीला पोट रिकामं लागतं. ब्लडप्रेशर घेताना मात्र मोठ्या दंडाचा पट्टा मागा. घट्ट, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. मला मागायला संकोच वाटला होता, तुम्ही तो बाळगू नका.

झोपेच्या तपासणीला रात्रभर बोटाला सेन्सर लावतात, म्हणून नेलपॉलिश काढून जा. घोरण्याबद्दल नवऱ्याला विचारा. झोपेत श्वास थांबतो का, हे आपल्याला स्वतःला कळत नाही. माझा थांबत होता, ते याच तपासणीत समजलं. त्या ६ आठवड्यांत मी रोज रात्री श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपले आणि कित्येक वर्षांनी सकाळी डोकं हलकं वाटलं. विम्यालाही हा रिपोर्ट लागू शकतो. बहुतेक पॉलिसींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० तरी हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर स्लीप ॲप्निया (हाच झोपेत श्वास थांबण्याचा आजार) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असा आजार. आधी केलेल्या डाएटचे आणि औषधांचे कागदही फाइलला लावा.

आणि रिपोर्ट वाईट येण्याबद्दल. माझं डी जीवनसत्त्व आणि लोह दोन्ही कमी निघालं. कोणी नाकारलं नाही, गोळ्या देऊन ते भरून काढलं. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा, लोह कमी असण्याचं कारण तिथेच असू शकतं.

घरचं माणूस सोबत न्या. एंडोस्कोपीला गुंगीचं औषध दिलं तर एकटीला सोडत नाहीत. आणि पिशवीत डबा असू द्या, रक्त देऊन आणि उपाशीपोटी करायच्या बाकी तपासण्या उरकल्यावर लगेच खायला.