मणक्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी गळू नये म्हणून काय करतात?

आपल्या आईंच्या कमरेच्या मणक्यात श्वानोमाची, म्हणजे नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ असून पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे, आणि संमतिपत्रात ‘पाण्याची गळती’ हे शब्द वाचल्यापासून आपली झोप उडाली आहे, असे आपण लिहिले आहे. मी मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून आत काय केले जाते आणि आपल्या हाती काय राहते ते सांगतो.

मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी प्रौढ माणसात एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असते, पण शरीर रोज सुमारे 500 मिलिलिटर नव्याने तयार करते. ते ड्युरा नावाच्या आवरणात असते. श्वानोमा बहुधा त्याच्या आतच असल्याने ड्युरा उघडणे हा अपघात नसून शस्त्रक्रियेचाच भाग आहे; प्रश्न तो पुन्हा किती घट्ट मिटतो एवढाच.

गाठ निघाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक धाग्याने ड्युरा शिवतात. मग मी भूलतज्ज्ञांना ‘जरा प्रेशर धरा’ म्हणतो. ते फुफ्फुसांत काही सेकंद हवा दाबून धरतात, त्याने आतला दाब वाढतो आणि आम्ही कोरड्या केलेल्या टाक्यांकडे टक लावून पाहतो. कुठे एखादा थेंब फुटला, तर तिथे आणखी टाका घेतो किंवा रुग्णाच्याच चरबीचा अथवा स्नायूचा लहानसा तुकडा बसवतो. वरून फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपासून बनवलेला डिंकासारखा पदार्थ लावतात. नातेवाईक त्याबद्दलच जास्त विचारतात, बिलात तो ठळक दिसतो म्हणून असेल; माझ्या मते तो मदतीला ठीक, सैल टाक्यांची भरपाई तो करत नाही. माझा खरा भरवसा स्नायूंवरच्या फॅशिया या जाड पडद्याच्या शिलाईवर असतो, कारण आतून थोडे पाणी झिरपले तरी हा थर पक्का असेल तर ते सहसा कातडीपर्यंत पोहोचत नाही.

मधुमेह, स्टिरॉइडच्या गोळ्या, तिथे पूर्वी झालेली शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन यांमुळे जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा यातले काहीही असल्यास आधीच सांगावे. बसल्यावर कमरेपाशी पाण्याचा दाब वाढतो, म्हणून अनेक डॉक्टर सुरुवातीला सपाट झोपवून ठेवतात. मानेच्या शस्त्रक्रियेत हिशेब वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी तुलना करू नये. किती काळ झोपवावे यावर आमच्यातही एकमत नाही, आणि फार झोपून राहिल्यास पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून पावले हलवत राहणे आवश्यक आहे. वेदनाशामकांनी शौचाला घट्ट होते आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू आहे ना, हे विचारून घ्यावे. खोकला असेल तर तो शस्त्रक्रियेआधीच दाखवावा.

एका आजींच्या मुलीने पाठीखालची चादर घाम समजून दोन रात्री बदलली. तो घाम नव्हता, आणि आजींना पुन्हा टाके घालावे लागले. ड्रेसिंग पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाने ओले होणे, उठून बसताच डोके दुखणे व आडवे झाल्यावर थांबणे, जखमेखाली फुगवटा, ताप किंवा मान आखडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी वरून आणखी पट्टी न चिकटवता, आईंना आडवे ठेवून त्याच रात्री वॉर्डात फोन करावा.