माळ्यावरची मोडी कागदांची ट्रंक

प्रश्न: ताई, गावचं घर पाडायला काढलंय, माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली, आत लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद. पणजोबांकडे कुलकर्णीपण होतं. काहींना कसर लागलीय. मुलगा म्हणतो मोबाईलवर फोटो काढू, शिक्क्याचं एक पान लॅमिनेट करून फ्रेम करू, बाकी रद्दीत. काय करू?
– एक वाचक, वाई

उत्तर: दादा, आधी मुलाला लॅमिनेशनच्या दुकानापासून लांब ठेवा! एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद सुटत नाही. सेलोटेपही नको, आणि ओल्या फडक्याने पुसू तर अजिबात नका, काजळीची शाई पाण्याने जाते. मऊ ब्रशने धूळ झटका, सावलीत वारा द्या, बस्स.

आता महत्त्वाचं, फडकी सोडली तरी कागद एकमेकांत मिसळू नका. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर असंच रुमालांत आहे, कुठला कागद कशासोबत बांधलाय यावरूनच कळतं तो कुणाचा आणि कशाबद्दल. फोटो काढा, पण त्याच क्रमाने, पाठीमागची बाजूसुद्धा. मी स्वतः एकदा घरचे कागद "नीट" तारखेप्रमाणे लावून ठेवले होते, अजून निस्तरतेय.

आणि शिक्क्याचं पान तेवढं भारी, बाकी रद्दी असं नसतं हो. सनदेपेक्षा, म्हणजे शिक्क्याच्या सरकारी हुकमापेक्षा, मला हिशेबाचे कागद जास्त आवडतात, कुणी किती धान्य दिलं, कुणाला काय मजुरी मिळाली, गावातल्या साध्या माणसांची नावं बऱ्याचदा तिथेच सापडतात. तुमच्या वाईतच एका घरात मिळालेल्या पत्रांवरून इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, पानिपतच्या काळातली पत्रं. तीही कुणाच्या तरी घरातच पडून होती ना!

मूळ कागद घरी सांभाळणं जमणार नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, १९१० पासून हेच काम चाललंय तिथे. देताना यादी करून पोच घ्या. मुलाला मोडीच्या वर्गाला घाला, फोटो काढायचा उत्साह आहेच तर वाचूही दे.

जाता जाता, ट्रंकेत जुने दिवाळी अंक असतील तर त्यांची काळजी आधी करा. जुना हातकागद चिंध्यांचा, तो टिकतो, लाकडाच्या लगद्याचा छापील कागद मात्र आपोआप पिवळा पडून तुटतो, पणजोबांच्या हिशेबाआधी तुमच्या लहानपणीचे अंक जातील.