आंबेउतरणीआधी विम्याची शिल्लक पाहा

बागेचा मे महिना आपण प्रथमच सांभाळणार आहात, म्हणून सांगतो: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा 20 रुपये असला, तरी तिचे वर्ष 1 जून ते 31 मे असल्यामुळे मेअखेरीस गड्यांच्या बँक खात्यात हप्त्यापुरती शिल्लक नसेल, तर अपघाती मृत्यूसाठीचे 2 लाखांचे संरक्षण त्यांच्या नकळत खंडित होते. विम्याच्या दाव्यासाठी, झाडावरून पडल्यास किंवा सर्पदंश झाल्यास रुग्णालयाची तत्काळ नोंद, तर बुडण्याच्या घटनेत पोलिसांकडील नोंद लागते. कागद मागाहून जमवू म्हणणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत. वाळकी फांदी टाळून शक्यतो झेल्यानेच (टोकाला जाळी बांधलेल्या काठीने) आंबे उतरवावेत. अठराखालील मुलांना ही योजना लागू नाही, त्यामुळे विहिरीवर पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळका भोपळा आणि काठावर दोर धरणारा जाणता माणूस हवाच.