जँगो ३.२ वरून ५.२: थेट उडी नको

अरे, जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) ३.२ वरून ५.२ ला नेताना मध्ये ४.२ ला थांब. ४.२ आणि ५.२ दोन्ही दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या आहेत, वाट मळलेली आहे. आधी ३.२ च्या शेवटच्या पॅचवर ये आणि वॉर्निंग्ज चालू ठेवून टेस्ट चालव. एरवी दडून बसलेल्या डेप्रिकेशन वॉर्निंग्ज (‘हे पुढे काढून टाकणार’ असे इशारे) भसाभस बाहेर येतात. त्या मिटवल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस. जुनं यूआरएल फंक्शन (कुठला पत्ता कुठल्या पानाला, ते जोडणारं) ४.० मध्ये काढलंय, पण ते फाइंड-रिप्लेसचं काम.

खरी गोची सीएसआरएफची, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या खोट्या विनंत्या अडवणाऱ्या संरक्षणाची. ४.० पासून ट्रस्टेड ओरिजिन्सच्या (विश्वासातल्या पत्त्यांच्या) यादीत नुसतं डोमेन चालत नाही, आधी http:// किंवा https:// लागतंच. महापेला असताना मी हे विसरलो. ती यादी फक्त लाइव्हच्या (खऱ्या सर्व्हरच्या) सेटिंग्जमध्ये होती, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं गोड. लाइव्हवर लॉगिनचं बटण दाबलं की ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’! घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडली होती, बसायलाही मिळालं होतं (हे दुःख वेगळंच). फोन आला तसा ऐरोलीला उतरून उलटा फिरलो.

जँगोची चेक कमांड (सेटिंग्जमधल्या चुका शोधणारी) लाइव्हच्या सेटिंग्जवर चालवली असती तर तिने आधीच सांगितलं असतं. आणि डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ असेल तर तो आधी बदल, जँगो ४.२ ला मायएसक्यूएल ८ लागतं.